आधी कोणी वाकायचे?

(संध्याकाळच्या वर्गात केलेले भाषण)



आज आम्हांला मंडळीतल्या एकीविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. मंडळी म्हणजे प्रभू येशूला मानणाऱ्या माणसांचा समाज. तुमच्यापैकी काही ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. पण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. भांडण मंडळीत होते, तसे भजनात होते, आणि घरातही होते. म्हणून हे सर्वांनी ऐकावे.

आपण मावळातली माणसे. भाताची आवणी कशी करतात, हे आम्ही तुम्हांला काय सांगावे? चिखलात एका ओळीने सगळे उतरतात. सावडीने आज याच्या खाचरात काम, उद्या त्याच्या. त्यात श्रीमंत असो की गरीब असो, ताठ उभे राहून आवणी करणारा माणूस आम्ही पाहिला नाही. वाकल्याशिवाय रोप लागत नाही.

एकीचेही तसेच आहे. एकी सगळ्यांनाच हवी असते. पण आधी कोणी वाकायचे, इथे घोडे अडते.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमची मंडळी लहान. दर रविवारी शास्त्राचा धडा वाचण्याचा मान आमचा. हेडमास्तर होतो ना! मंडळीत एक मावशी आहेत. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात त्या पुडे बांधतात. पन्नाशी उलटल्यावर त्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या. एके दिवशी त्या भीतभीत आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, येत्या रविवारी धडा मी वाचू का?"

आम्ही म्हणालो, "अजून थोडा सराव करा. देवाच्या घरी अडखळत वाचलेले बरे दिसत नाही."

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्यांच्या शेजारची दोन घरेही आली नाहीत. हळूहळू दोन तट पडले. एक म्हणे, शास्त्राचा मान राहिला पाहिजे. दुसरा म्हणे, गुरुजींना शिकलेल्यांचीच मंडळी हवी आहे. मग जुन्या गोष्टी निघाल्या. कोण रेल्वेतला, कोण गावातला. कोण कोणत्या मिशनचा. कोणाचे आजोबा कोणत्या जातीतून आले. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाले असे जे जे आम्ही समजत होतो, ते सगळे तरंगून वर आले. चार महिने दोन ठिकाणी प्रार्थना चालू होत्या. दोन्हीकडे प्रीतीवरच उपदेश होत होता!

एके रात्री आम्ही उद्याचा धडा काढून बसलो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय होता. येशू धरला गेला, त्याच रात्रीची ती गोष्ट आहे. जेवताना येशू उठला. कमरेला रुमाल बांधला. पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुतले. त्या काळी हे काम नोकराचे. लूक तर सांगतो की, आपल्यात मोठा कोण, असा वाद त्याच रात्री शिष्यांत चालला होता. येशूने पायांना हात घालून त्याचे उत्तर दिले. आणि जो त्याला पकडून देणार होता, त्या यहूदाचे पायही त्याने वगळले नाहीत.

हा धडा आम्ही किती वेळा खणखणीत आवाजात वाचला होता. त्या रात्री मात्र आवाज फुटेना.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड होती. छत्री घेऊन आम्ही मावशींच्या दारी गेलो. म्हणालो, "मावशी, चूक आमची झाली." त्यांनी पाट पुसून बसायला दिला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, मी अडखळले असते, तर मला वाईट वाटलं नसतं. पण तुम्ही मला अडखळूसुद्धा दिलं नाही."

पुढच्या रविवारी तोच धडा मावशींनी वाचला. ओळीवर बोट ठेवून वाचला. 'गंगाळ' या शब्दापाशी त्या थांबल्या. कोणी हसले नाही. कोणी शब्द पुढे केला नाही. सगळी मंडळी त्यांच्यासाठी थांबली. मग त्यांनी तो शब्द जुळवला आणि पुढे गेल्या. एका माणसासाठी सगळ्यांनी थांबणे, हीच एकी, असे आम्हांला त्या दिवशी कळले. मात्र खरे ते सांगावे. एक घर अजून परत आलेले नाही. आम्ही त्यांच्या दारी जात असतो.

त्या दिवशी आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांचा मुक्तिसदनाचा आश्रम आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला आहे. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. त्यांना जड भाषा लिहिणे काय कठीण होते? पण त्यांनी मुद्दाम उलटे केले. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेही साध्यासुध्या बायकांना समजावे अशा मराठीत. पुढे आश्रमातल्या बायकामुलींनीच ते छापले. रमाबाई 1922 साली वारल्या. छापील ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. त्यांची विद्या वाकली, म्हणून ती गरिबांच्या हाती आली.

मोठ्या मंडळ्यांनाही वाकावे लागते. 1929 साली उत्तर भारतातल्या निरनिराळ्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी सुरू केली. कोणाकडे बिशप होते, कोणाकडे नव्हते. कोणी लहान मुलांना बाप्तिस्मा देत, कोणी फक्त जाणत्यांना. बोलणी चाळीस वर्षे चालली. शेवटी 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. जुनी नावे प्रत्येकाने खाली ठेवली. तरी एक मोठी मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली, आणि ऐक्यानंतरही काही ठिकाणी जमिनी व इमारतींचे वाद कोर्टात गेले. कागदावर सही झाली म्हणून मने जुळत नाहीत. ते काम गावोगाव, दर रविवारी करावे लागते.

मग आपण काय करावे? चूक झाली तर निरोप पाठवू नये, स्वतः जावे. सभेत मागे बसणाऱ्याला एखादे काम द्यावे. आणि झाडलोट करणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे.

कर्जतहून घाट चढताना अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. ती मागून रेटतात, म्हणून गाडी लोणावळ्याला पोचते. तिथे ती सोडून घेतात, आणि गाडी पुढे पुण्याला जाते. मागच्या इंजिनांची कोणी आठवण काढत नाही. पण त्यांच्यावाचून घाट चढत नाही. आपल्याला तसे मागचे इंजिन होता आले, तर पुष्कळ झाले.

येत्या रविवारी धडा कोण वाचणार, हे आम्ही ठरवलेले नाही. ज्याला वाचायचा असेल त्याने सांगावे. आम्ही ऐकायला बसू.