कळस चढला, आता दप्तर

(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी कोणी विद्वान नाही. एस. एस. सी. होऊन तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. समितीने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, म्हणून ज्यांच्याशी माझा रोजचा संबंध, त्या जुन्या कागदांविषयीच बोलतो.

प्रथम माझी चूक सांगतो. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत आजोबांच्या वेळचा मोडी कागदांचा एक रुमाल निघाला. घरात मोडी कोणालाच वाचता येत नव्हती. वाडवडिलांचे कागद रद्दीत जाऊ नयेत, या भावनेने मी तो रुमाल निर्माल्याबरोबर खाडीत सोडला. दिवसभर लोकांची दप्तरे सांभाळणाऱ्याने घरचे दप्तर बुडविले! त्यात काय लिहिले होते, ते आता कधीच कळणार नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असेच रुमाल मिळविण्यासाठी गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. १९१० साली त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. आपल्या साष्टीचा व उत्तर कोकणचा जुना वृत्तांत सांगणारी 'महिकावतीची बखर' १९२४ साली त्यांनीच छापून प्रसिद्ध केली. पण ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या कोणी जपलीच नसती, तर राजवाड्यांनी तरी काय छापले असते? मोठ्या संशोधकाच्या आधी जपून ठेवणारा एक साधा माणूस लागतो.

सगळेच ज्ञान कागदावर असते असेही नाही. खाडीकाठची जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढीत. तिथीची पाऊणपट करावयाची. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीस सहाच्या सुमारास पूर्ण भरती; एकादशीस सव्वाआठच्या. खाडीत आत थोडा उशीर धरावयाचा. शाळेची पायरी न चढलेल्यांचे हे गणित आज आपल्यापैकी किती मुलांना येते?

दुसरे उदाहरण माझ्या कामातले. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो. तो कोरा असलेले कितीतरी उतारे माझ्या हातून जातात. शेतांच्या जागी इमारती आल्या, २००२ साली महानगरपालिका झाली. सर्व्हे नंबर सरकारदरबारी राहील. पण शेताचे नाव आणि ते का पडले, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्याबरोबरच निघून जाईल.

म्हणून माझी एक विनंती आहे. देवळात एक लोखंडी कपाट ठेवावे. ज्यांच्या घरी जुने कागद, पोथ्या, फोटो असतील त्यांनी ते दाखवावेत. नक्कल करून मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत. तरुणांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून शेतांची नावे, बांध-उघाड्यांची माहिती, लग्नातली धवळ्याची गाणी वहीत उतरवावीत. सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी. वहीच्या तीन प्रती कराव्यात, म्हणजे एक वाळवीने खाल्ली तरी दोन राहतील.

देवळाचा जीर्णोद्धार पैशाने झाला. बुडालेल्या कागदाचा जीर्णोद्धार कोणत्याही वर्गणीने होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पहिली वही मी स्वतः आणून देतो. तिच्यात आजोबांविषयी माझ्या आईला जेवढे आठवते, तेवढे लिहिलेले असेल.