पंचेंद्रियांची पहिली शाळा

(माता-पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संक्रांत ते रथसप्तमी या काळात महाराष्ट्रात घरोघरी बोरन्हाण होते. काळे अंगडे आणि हलव्याचे दागिने ल्यालेले बाळ पाटावर बसते. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या यांचा त्याच्या डोक्यावरून वर्षाव होतो. बोर गुळगुळीत, घाटा लवदार आणि आंबूस, उसाचा करवा गार व ओलसर, चुरमुरा इतका हलका की अंगावर पडलेलाही कळू नये. थंडीच्या दिवसांत आपल्या शेताशिवारात जे जे पिकते, ते ते बाळाच्या अंगावरून ओघळते. ऋतू म्हणजे काय, हे त्याला शब्दांत सांगण्याचे वय अजून यायचे असते. पण त्या ऋतूची पहिली भेट त्वचेला, नाकाला आणि जिभेला घडलेली असते.

अलीकडे अनेक घरांत या पाटाभोवती चॉकलेटे, रंगीत गोळ्या आणि वेफर्सची पाकिटे उधळली जातात. मुलांना ती आवडतात, हे खरे. परंतु चकचकीत वेष्टनातल्या दहा वस्तू हाताला जवळजवळ सारख्याच लागतात. छायाचित्रे उत्तम निघतात, विधीही पार पडतो. मात्र त्या विधीतून बाळाच्या हाती जे पडायचे, ते पडत नाही. आजचा विषय नेमका हाच आहे : एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आपण काय देतो?

या वयाचे मूल स्वस्थ बसत नाही. ते उचलते, चाटते, आपटते, ओतते, पुन्हा भरते. वडीलधारे त्याला ‘खोड्या’ म्हणतात. वस्तुतः हा त्याचा अभ्यास असतो. कोरडी वाळू बोटांतून निसटते, ओली वाळू मुठीत राहते. दगड पाण्यात बुडतो, वाळके पान तरंगते. वाटीतले पाणी तांब्यात ओतले तर तळाशी राहते, तांब्यातले वाटीत ओतले तर सांडते. वीस वेळा सांडल्यावर एकविसाव्या वेळी हात आपोआप आवरतो. वजन, आकारमान, कारण आणि परिणाम यांचे हे पहिले पाठ होत. शाळेतल्या पुस्तकात ते पुढे शब्दांच्या रूपाने येतात. ज्याच्या हाताने ते आधी अनुभवलेले असतात, त्याला ते शब्द ओळखीचे वाटतात. भाषेचेही तसेच. ‘खरखरीत’, ‘लिबलिबीत’, ‘मऊसूत’, ‘दमट’ हे मराठीतील नेमके शब्द चित्र दाखवून शिकवता येत नाहीत. नारळाची शेंडी, भेंडीचे ताजे काप, मळलेली कणीक आणि पावसाळ्यातली माती हाताशी असावी लागते.

आपल्या दर्शनशास्त्रांनी शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध यांचा संबंध पंचमहाभूतांशी जोडला. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची मांडणी अन्नमय कोशापासून सुरू होते आणि आनंदमय कोशापर्यंत पोहोचते. देहाला वगळून पुढची पायरी नाही, असा त्याचा अर्थ. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोश विकासाच्या या संकल्पनेला स्थान मिळाले आणि २०२३ साली ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळसाहित्याची पेटीही आली. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र शासनाचा हा पायाभूत स्तर तिसऱ्या वर्षी सुरू होतो. त्याआधीची वर्षे मुख्यतः घराची असतात, आणि घरात कोणी पेटी पाठवणार नाही.

ती पेटी घरची घरी कशी उभी करायची, हे महाराष्ट्रातल्याच दोन स्त्रियांनी दाखवून दिले आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि इंद्रियशिक्षणाची पद्धत बसवली. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर उघडून त्या विचाराला भारतीय रूप दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. दादरच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले. पण ताराबाईंना खंत होती ती वेगळी. माँटेसरींची साधने महाग होती. ती ज्यांना परवडत, त्यांच्याच मुलांना बालशिक्षण मिळे. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य पदरी आलेल्या या स्त्रीने पुढचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना दिले.

बोर्डीच्या वस्त्यांत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये काम करताना तयार साधनांची पेटी उपयोगाची नव्हती. मग समुद्रकाठचे शिंपले, ओढ्यातले खडे, रानातल्या बिया, पाने, फुले, पक्ष्यांची पिसे हीच साधने झाली. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावायचे, खडे मोजायचे, पानांच्या कडा बोटाने चाचपायच्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले होती, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ या प्रयोगात आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांच्या कार्याचा गौरव केला.

येथे थोडे थांबून विचार करावा असा एक उलटफेर आहे. कोसबाडच्या मुलांजवळ माती, पाणी, झाडे सारे होते, शाळा नव्हती. आज शहरातल्या चौथ्या मजल्यावरील मुलाजवळ शाळा आहे, किंबहुना दोन वर्षांचे होण्याआधीच तिच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. नाही ती माती. त्याच्या पायाखाली फरशी, हाती प्लॅस्टिक आणि डोळ्यांसमोर मोबाइलचा पडदा. घास भरवताना पडदा, रडू आवरताना पडदा, आईला स्वयंपाक उरकायचा म्हणून पडदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक वेळ नको. पडद्यावर आंबा दिसतो. त्याला ना वास, ना वजन, ना हनुवटीवरून ओघळणारा रस. पाचांपैकी तीन ज्ञानेंद्रियांना तेथे काही कामच उरत नाही. वंचित मुलांसाठी ताराबाईंनी जे शोधले, त्याची गरज आता सुस्थितीतल्या घरांना अधिक भासू लागली आहे.

यावर घराघरांतून येणारे आक्षेप परिचयाचे आहेत. ‘हात घाण होतात’, ‘पसारा कोण आवरणार?’, ‘वेळ कोणाला आहे?’ यांपैकी एकही आक्षेप खोटा नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळी आईच्या अंगात त्राण उरत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. म्हणूनच वेगळा ‘उपक्रम’ मांडण्याऐवजी चालू कामात मुलाला सामील करून घेणे सोयीचे. आजी मेथी निवडत असेल, तर चार काड्या नातवासमोर ठेवाव्यात. पोळ्या होत असताना कणकेचा गोळा त्याच्या हाती द्यावा. तो दाबताना, ओढताना बोटांत जे बळ येते, त्याच बळावर पुढे पेन्सिल धरली जाते. मोठ्या परातीत स्वच्छ चाळलेली वाळू, एक वाटी, एक पळी, थोडे पाणी आणि खाली जुनी चादर एवढे असले, की सज्जातही वाळूघर होते. आवरतानाही मुलालाच हाताशी घ्यावे. पसारा आवरणे हाही त्याला खेळच वाटतो. आणि हे केवळ आईचे काम नव्हे. सुटीच्या दिवशी परातीसमोर बाबांनी बसायला हरकत नसावी.

आपले सणवार तर या साहित्याचे वर्षभराचे वेळापत्रकच होय. पोळ्याला मातीचे बैल, हरतालिकेला वाळूचे शिवलिंग, गणपतीला शाडूची माती आणि पत्री, काही घरांत नदीवरून आणलेल्या खड्यांच्या गौरी, दिवाळीत मातीचा किल्ला आणि त्यावर उगवणारे हळीव. आज यांतले बरेचसे बाजारातून तयार येते आणि मूल केवळ प्रेक्षक राहते. शाडूचा एक गोळा त्याच्यासाठी बाजूला काढावा. त्यातून गणपती होईल, लाडू होईल किंवा काहीच होणार नाही. घडवलेल्या वस्तूपेक्षा घडवताना झालेला स्पर्श या वयात मोलाचा असतो.

अर्थात, पूर्वीचे सारे चांगलेच होते, असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी अंगणात खेळणारी कित्येक बालके जंत, हगवण आणि धनुर्वात यांना बळी पडली, हेही सत्यच आहे. कृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेने त्याला तोंड उघडायला लावले; तिला आत विश्वरूप दिसले. आजच्या यशोदेनेही तोंड उघडून पाहावे. आत बहुधा चिंचोका निघेल. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चणे, शेंगदाणे, चिंचोके, मणी अशा घशात अडकणाऱ्या वस्तू एकट्याने खेळायला देऊ नयेत. बोरन्हाणातही अख्खे बोर तोंडात जात नाही ना, याकडे एकाने लक्ष ठेवावे. लाल-काळी गुंज दिसायला मोहक, पण तिची बी चावली गेल्यास विष प्राणावर बेतू शकते. एरंड, कण्हेर आणि धोतराही तसेच. पाण्याच्या बादलीपाशी मूल क्षणभरही एकटे नको. माती कुत्र्या-मांजरांनी घाण न केलेली, चाळून उन्हात वाळवलेली असावी. खेळ संपताच साबणाने हात धुवावेत, लसी वेळेवर द्याव्यात, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर जंतनाशक औषधाबाबत डॉक्टरांचा वा अंगणवाडी सेविकेचा सल्ला घ्यावा. एवढी दक्षता घेतली, की मातीला भिण्याचे कारण उरत नाही.

शेवटी एका गोष्टीचे स्मरण आवश्यक वाटते. या सभागृहातील प्रत्येक घरात मातृभूमी हा शब्द आदराने उच्चारला जातो. मुले तो ऐकतात, पाठ करतात, मेळाव्यात मोठ्याने म्हणतातही. परंतु जिला माता म्हणायचे, तिचा स्पर्शच ‘घाण’ म्हणून नाकारत मूल वाढले, तर तो शब्द त्याच्या ओठांवरच राहील. पहिल्या पावसानंतरचा वास, पायांना लागणारा चिखल, नदीकाठचा गोटा, निवडलेल्या मेथीचा हिरवा डाग यांतून ही भूमी त्याची होते. पुढे इतिहास आणि भूगोल वाचताना त्याला या ओळखीचा आधार असतो. आपल्या सेवावस्त्यांमधील बालवाड्या आणि संस्कार वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींनीही हे ध्यानात घ्यावे. महागडी खेळणी मिळाली नाहीत, म्हणून काम अडत नाही. ते अडते, मुलाजवळ जमिनीवर बसणारे मोठे माणूस नसले म्हणजे. ताराबाई आणि अनुताई यांनी खडे-शिंपले तर वेचलेच. पण त्याआधी त्या मुलांजवळ जाऊन बसल्या.

येत्या संक्रांतीला ज्या घरात बोरन्हाण असेल, त्या घराने बाजारातून बोरे, घाटे आणि उसाचे करवे आणावेत. वर्षाव झाल्यावर बाळाला लगेच उचलून नेण्याची घाई करू नये. कोणीतरी त्याच्याशेजारी बसावे, आणि त्याला ते सारे थोडा वेळ हाताळू द्यावे.