काळाबाहेरचे सूर
(हीरक महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



यंदा स्नेहसंमेलनाच्या तालमीत एक वाद झाला. आठवीच्या मुलींना पेशवाईवरील नाट्यप्रवेशात ‘पिंगा’ हे चित्रपटगीत हवे होते. २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’त त्यावर काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. पेशव्यांच्या वंशजांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. त्याला लावणीचा ठसका देऊन पेशव्यांच्या अंतःपुरात नेणे मलाही रुचले नव्हते. शिवाय बीरगांवच्या कारखान्यांच्या परिसरात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मंगळागौर बहुधा पडद्यावरच दिसते. जे दिसेल तेच त्यांच्यासाठी खरे ठरते. मी नकार देणारच होते.

तेवढ्यात मला माझीच चूक आठवली. कित्येक वर्षे मी प्रार्थनेत ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचा अभंग म्हणून म्हणवून घेत असे. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘बाई, हा गाथेत कुठे आहे?’ मी गाथा दोनदा चाळली. नव्हताच! १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’साठी तो शांताराम आठवले यांनी लिहिला आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल लावली. सतराव्या शतकातील संताच्या मुखी विसाव्या शतकातील कवीचे शब्द! जाणत्यांचीही त्यात फसगत झाली, असे नंतर वाचले, तेवढाच दिलासा.

मग हा घोटाळा मला गोड का वाटला, आणि पिंगा का खुपला?

भोळे यांचाच पुढचा चित्रपट पाहा. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, प्रसंगातले नैसर्गिक आवाज तेवढे ऐकू येतात. अशा चित्रपटात शांता आपटे यांची नीरा चक्क लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. जरठ पतीच्या घरात डांबलेल्या त्या मुलीला लढण्याचे बळ हवे आहे, म्हणून ते परके शब्द तिचे होतात. ‘सैराट’मध्ये (२०१६) करमाळ्याच्या रानात हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झालेला वाद्यवृंद घुमतो, कारण आर्ची-परश्याला जग तेवढेच भव्य वाटत असते. अखेरीस ते सारे सूर थांबतात, तेव्हा ती शांतता सोसवत नाही.

मला वाटते, सूर कोणत्या शतकातला हे दुय्यम. तो त्या पात्राच्या अंतःकरणातून येतो का, हे पाहावे. आठवले यांनी तुकोबांचा छंद आणि विचार आत्मसात केला होता. ‘पिंगा’त मात्र मला काशीबाईंचे दुःख कुठेच ऐकू येत नाही. कुणाला येत असेल, तर त्यांनी मला जरूर समजवावे.

मुलींना मी एवढेच सांगितले, की आधी खरा खेळ पाहा, मग ठरवा. एकीच्या आजीने चार दिवस शाळेत येऊन पिंगा, फुगडी आणि झिम्मा शिकवला. प्रवेशात मुलींनी तोच घातला. आणि ‘आधी बीज एकले’ प्रार्थनेत आजही आहे. फळ्यावर मात्र आता कवी म्हणून शांताराम आठवले यांचे नाव लिहिले जाते.