अंगठ्याजवळचे बटण

श्रोतेहो, स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे असते? चुलीपाशी, हात लांबवला की मिळेल अशी. वर्षाच्या पापडांचा डबा मात्र फडताळात वर. ही मांडणी कुणी शाळेत शिकून येत नाही. रोजचा वापरच ती शिकवतो. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये मात्र पुष्कळदा पापड चुलीजवळ आणि मीठ माळ्यावर, असा प्रकार दिसतो.

महाड-पोलादपूरचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहेच. एका हातात छत्री, म्हणजे फोनचा सगळा कारभार दुसऱ्या हाताच्या एका अंगठ्यावर. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याची काच साडेतीन इंचांची होती. आजचे फोन साडेसहा इंचांच्या घरात गेले. अंगठा तेवढाच राहिला! काचेच्या खालच्या भागावर तो सहज फिरतो. वरचा डावा कोपरा उजव्या अंगठ्याला सगळ्यांत लांब. आणि मागे जाण्याचा बाण अनेक ॲपमध्ये नेमका त्याच कोपऱ्यात.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक साधा प्रयोग केला. दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोकदार कांडी टेकवायची. पट्ट्या जितक्या दूर आणि जितक्या अरुंद, तितका वेळ जास्त. गोष्ट अगदी बाळबोध वाटते. पण ॲप बनवणाऱ्याला त्यातून सरळ हिशेब मिळतो. रोज वीस वेळा लागणारे बटण मोठे असावे आणि खाली असावे. पैसे देण्याच्या काही ॲपमध्ये दुकानातला चौकोनी कोड टिपण्याचे बटण खाली मध्यभागी असते, ते यामुळेच. वर्षातून एकदा लागणारी सेटिंगे वर कोपऱ्यात गेली तरी कुणाचे अडत नाही.

पण नेहमी लागणारे म्हणजे कोणाला नेहमी लागणारे? इथे गफलत होते. संगणकाचा इनस्क्रिप्ट कळफलक पहा; १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश आहे. त्याची आखणी विचारपूर्वक केलेली आहे. बोटे टेकतात त्या मधल्या ओळीत ओकार, एकार, पहिली वेलांटी, पाय मोडण्याची खूण, आणि उजवीकडे प, र, क, त. ‘करतो’ हा शब्द मधली ओळ न सोडता लिहून होतो. पण ही मांडणी अनेक भारतीय लिप्यांसाठी एकच. त्यात ‘ळ’ गेला शिफ्ट दाबून, ‘ल’च्या कळीवर, ‘श’ही तसाच, ‘स’च्या कळीवर. म्हणजे मराठी मास्तरांनी ‘शाळा’ लिहायचे तर दोनदा शिफ्ट! हिंदीत ‘ळ’ लागत नाही, तिथे कुणाला याची टोचणी नाही. वापरणारा बदलला की जवळचे आणि लांबचे बदलते.

यावर एक उपाय सुचतो: यंत्रानेच वापर मोजावा आणि जे जास्त लागते ते आपोआप वर आणावे. हे करून झाले आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या आज्ञा लपवणाऱ्या याद्या आणल्या. लोक वैतागले, कारण काल इथे असलेली गोष्ट आज सापडेना. ऑफिस २००७ मध्ये ती पद्धत गेली. हाताला जागा पाठ होते हो! अंधारात आपण दिव्याचे बटण डोळ्यांनी नाही शोधत. माझ्या मते जागा थोडी गैरसोयीची असली तरी चालेल, पण रोज हलणारी नको.

आता एक वेगळी गोष्ट. क्वचितच लागते, पण लागते तेव्हा एक क्षणही नसतो, अशा बटणाचे काय? २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. मनोराच बंद तिथे कोणतेही बटण फोन लावून देणार नाही, हे खरे. पण जिथे रेंज होती तिथे तरी अंधारात, भिजल्या हातांनी पडदे उलगडत कोण बसणार? पाण्याचा थेंब काचेला बोटासारखा भासतो आणि भलतेच उघडते. म्हणून काचेबाहेरच्या खऱ्या कळीला महत्त्व. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला: साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरली, स्मार्टफोनवर चालू-बंदची कळ लागोपाठ तीनदा दाबली, की मदतीची हाक जावी. ११२ हा क्रमांक कुलूपबंद फोनवरूनही लागतो.

फार जवळ आणले तरी घोटाळा. २०२३ साली ब्रिटनमध्ये अँड्रॉइड फोनवर कळ पाचदा दाबण्याची सोय आली. खिशातल्या खिशात ती दाबली जाऊन पोलिसांकडे खोट्या हाकांचा पूर लोटला. तेव्हा असे बटण हाताशी हवे, पण चुकून लागू नये. बंदुकीच्या चापाला खटका ठेवतात, तशी ही तडजोड.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, वर्गात एक तास यासाठी द्या. मुलांना घरचा फोन आणायला सांगा. विजेरीचे बटण वरून ओढायच्या पट्टीत पहिल्या रांगेत आहे का? मदतीची कळ तीनदा की पाचदा, हे फोनगणिक वेगळे असते; सेटिंगमध्ये जाऊन वाचून घ्या, उगाच दाबून पाहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे विजांचा इशारा देणारे ॲप घेतले असेल तर तेही पहिल्याच पडद्यावर ठेवा. आजीच्या फोनवर तर चारच चित्रे ठेवा, मोठी, आणि जागा पुन्हा बदलू नका.

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली मुले आता ॲप बनवतात. त्यांना एक विनंती. काम सुरू करण्याआधी पोलादपूरच्या बाजारात भर पावसात एखाद्या शेतकऱ्याजवळ उभे रहा. त्याच्या एका हातात पिशवी असेल, दुसऱ्या हातात फोन. त्याचा अंगठा कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, एवढेच वहीत टिपून घ्या.