लॅपटॉप दुकानात जातो तेव्हा

(कळंब येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘लॅपटॉपची देखभाल’ या विषयावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा आधी मलाच हसू आलं. मी काही इंजिनिअर नाही. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्हाला समुपदेशन शिकवलं, कायदे शिकवले. स्क्रू ड्रायव्हर कुणी हातात दिला नाही. तरी विषय घेतला, त्यामागे एक प्रसंग आहे.

मागे आमच्या केंद्राचा लॅपटॉप बंद पडला. तो चार दिवस दुकानात होता. त्यात बायकांचे अर्ज होते, त्यांनी सांगितलेल्या हकिकती होत्या, मारहाणीच्या खुणांचे फोटो होते. परत आणताना काय बिघडलं होतं असं विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं.” त्याच आठवड्यात एक बाई आली. तिच्या दिराची त्याच बाजारात ऊठबस. ती म्हणाली, “ताई, माझा कागद कुणी बघितला तर नसंल ना?” मला छातीठोकपणे ‘नाही’ म्हणता आलं नाही. चार भिंतींतलं दुःख सांगायला ती कितीतरी दिवस विचार करून आली होती, आणि आम्ही ते पासवर्डसकट काउंटरवर ठेवून आलो होतो.

तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं, हे शिकायचं. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेना, नवा घ्यायला पैसे नव्हते. मग लिनक्स बसवलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली. ते कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. आम्ही त्यातलं ‘लिनक्स मिंट’ घेतलं.

पहिल्याच दिवशी वायफाय गायब! आम्हाला वाटलं, आपणच बिघडवलं. तसं नव्हतं. प्रत्येक सुट्या भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. काही कंपन्या आपल्या भागाची माहिती खुली करत नाहीत, म्हणून तो ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. आम्ही मोबाइल वायरनं जोडला, त्यातून इंटरनेट घेतलं, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर बसवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. वायफाय आलं. पण आधी एक पाहा: कीबोर्डवरचं विमानाचं बटण चुकून दाबलं गेलेलं नाही ना?

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला चित्रफीत लावली. पडद्यावर चित्र दिसतंय, आवाज नाही. बाया चुळबुळ करायला लागल्या. आवाज गेला होता प्रोजेक्टरच्या वायरीतून, आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता! साउंड सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ बदलून आपला स्पीकर निवडला, झालं. चित्रफीत उघडलीच नाही तर व्हीएलसी बसवा. बहुतेक प्रकारच्या फिती उलगडण्याची सोय त्यात असते.

यातून एक रीत हाती आली. ती आपल्या कामाचीच आहे. समोर बाई आली की आपण लगेच निवाडा देत नाही; कधीपासून, आधी काय झालं होतं, असं विचारतो. इथंही तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, वहीत लिहायचा. पडद्यावर आलेला संदेश घाबरून बंद करायचा नाही, जसाच्या तसा उतरवून घ्यायचा.

लिनक्स बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा सुरू होणं, सगळं तपासा. कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढा. बसवताना डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो, तो घ्याच. मात्र ती किल्ली विसरलात तर कागद कायमचे गेले. म्हणून ती दोघींकडे हवी.

हे पुरुषांचं काम, असं म्हणणारे तिथंही भेटतात. म्हणून तर १९९८ मध्ये डेब रिचर्डसन या बाईनं लिनक्स वापरणाऱ्या बायकांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट सुरू केला. न हसता शिकवणारं कुणी असावं, एवढीच त्यामागची गरज. ती इथं कळंबातही आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांशी आपलं वैर नाही. पडदा फुटला, बॅटरी फुगली, तर त्यांच्याकडे जावंच लागेल. फुगलेली बॅटरी स्वतः उघडूही नका. पण जाताना पासवर्ड द्यायचा नाही, तपासायला लिनक्सचा पेनड्राइव्ह द्यायचा. आणि काय बदललं, का बदललं, हे विचारून वहीत लिहून आणायचं.

प्रत्येक गटातल्या दोघींनी तरी हे शिकावं, एवढीच विनंती. ती बाई पुन्हा येईल, पुन्हा तोच प्रश्न विचारेल. या वेळी आपल्याला तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देता आलं पाहिजे.