बिऱ्हाड मुंबईस कीं पुण्यास?

मुंबई बरी कीं पुणें बरें, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे कीं त्यांत नवें बोलावयास कांहीं उरलें असेल असें कोणास वाटत नाहीं. एकानें पुण्याच्या हवेचें कौतुक करावें, दुसऱ्यानें मुंबईच्या माणसास वेळेची किंमत कळते असें सांगावें, आणि चहा निवाला म्हणजे दोघांनींहि उठावें, असा त्याचा ठरलेला क्रम आहे. माझा आजचा विषय तो नव्हे. ज्यास खरोखरच बायकामुलांसह बिऱ्हाड हलवावयाचें आहे, त्यानें या दोहोंतून निवड कशी करावी, एवढाच प्रश्न मीं आज घेतला आहे.

श्रोतेहो, आपण सोलापूरचें एक कुटुंब कल्पूं. कर्त्या पुरुषास बढती मिळाली असून मुंबईंतील वांद्रे-कुर्ला संकुल किंवा पुण्याजवळील हिंजवडी, यांपैकीं कोणतीहि जागा पत्करण्याची मुभा कचेरीनें त्यास दिली आहे. पत्नी शिक्षिका आहे. तिला नोकरी नव्यानें शोधावी लागेल. मुलगी नववींत, मुलगा तिसरींत. घरांत सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण रोज सकाळीं वाचनालयांत जाऊन चार वर्तमानपत्रें चाळल्यावांचून त्यांस दिवस उजाडल्यासारखा वाटत नाहीं.

अशा घरांत चर्चा पगार आणि घरभाडें यांच्या बेरीज-वजाबाकीनें सुरू होते. ती अवश्य व्हावी. पण तिच्यांतून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती ही कीं, वांद्र्याच्या आसपास या मंडळींस परवडेल असें घर नाहीं. तेव्हां मुंबई म्हणजे व्यवहारांत डोंबिवली, बदलापूर किंवा वसई-विरार. आणि पुणें म्हणजेहि सदाशिव पेठ नव्हे, तर वाकड, रावेत, धायरी किंवा आंबेगांव. तुलना करावयाची ती या गांवांची. मरीन ड्राइव्ह आणि पर्वती यांची तुलना पाहुण्यांनीं करावी. राहणारांस तिचा उपयोग नाहीं.

या दोन शहरांची ठेवणच मुळीं निराळी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढें मुंबईचीं उपनगरें त्या रुळांच्या कडेनें वाढत गेलीं. म्हणून मुंबईंत पत्ता विचारला म्हणजे मनुष्य आधीं स्टेशनाचें नांव सांगतो. उलट पुणें वाढलें तें भोंवतालचीं गांवें पोटांत घेऊन. २०१७ सालीं महापालिकेच्या हद्दींत ११ गांवें आलीं, २०२१ सालीं आणखी २३ आलीं. गांवें आलीं, त्यांवर दहा-दहा मजली इमारती आल्या, पण त्यांना जोडणारे रस्ते पुष्कळ ठिकाणीं बैलगाडीच्या काळचेच राहिले. २०२२ सालीं पुण्याची मेट्रो सुरू झाली हें खरें. तथापि धायरीसारख्या ठिकाणच्या माणसास त्या मेट्रोपर्यंत पोहोंचण्यासच आधीं एक वाहन लागतें. पुणें हें दुचाकीचें शहर आहे.

आतां कर्त्या पुरुषाचें पाहूं. डोंबिवलीहून तो कुर्ल्यास उतरेल, तेथून बस किंवा रिक्षा धरील. धायरीहून तो बाह्यवळणाच्या हमरस्त्यानें हिंजवडीस जाईल आणि संध्याकाळीं वाकडच्या पुलाशीं वाहनांच्या रांगेंत उभा राहील. दोहोंकडे त्याचे दिवसाचे अडीच-तीन तास जावयाचेच. डोंबिवलीची गाडी ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीनें भरलेल्या गाड्यांतून पडून प्रवाशांचे प्राण गेले, तो मार्ग हाच. दुचाकीवरचा मनुष्यहि कांहीं निर्धास्त नसतो. पण कष्ट दोहोंकडे असल्यानें, घरांतील इतर चौघांच्या हिशेबानें निर्णय करण्यास तो मोकळा होतो. हे चौघे कुटुंबाच्या सभेंत बहुधा बोलत नाहींत, किंवा बोलले तरी त्यांचें बोलणें पगाराच्या आंकड्याखालीं दडपून जातें.

मुलगी घ्या. डोंबिवलींत ती स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिली, तर पंधराव्या वर्षीं खिशांत पास घालून, स्त्रियांच्या डब्यांत बसून, ती ठाण्यास शिकवणीला एकटी जाईल आणि एकटी परत येईल. धायरींत तिला कोणीतरी पोंचवावें लागेल. साधी स्कूटर चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. बस आहे, पण तिच्या वेळेवर मुलीची शिकवणी बांधतां येत नाहीं. म्हणजे तीन-चार वर्षें तिच्या आईची प्रत्येक संध्याकाळ वाहनाच्या आसनावर जावयाची. आईनें नोकरी शोधावी असें आपण म्हणत होतों, तिचा वेळ असा हळूच नाहींसा होतो, आणि कोणाच्या जमाखर्चांत तो दिसत नाहीं.

आजोबांचें कोडें याहून बिकट आहे. पुण्याकडे त्यांस स्वतःची खोली मिळेल, हवा कोरडी मिळेल, खिडकींतून टेंकडी दिसेल. पण इमारतीचें फाटक उघडलें कीं समोर भरधांव रस्ता आणि पायवाटेचा पत्ता नाहीं. डोंबिवलींत त्यांचें अंथरूण बैठकीच्या खोलींत पडेल आणि रात्रीं दूरचित्रवाणी बंद होईपर्यंत त्यांस निजतां येणार नाहीं. मात्र भाजी, डॉक्टर, वाचनालय व नाटकगृह हीं सारीं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असतील. एकीकडे खोली आहे, दुसरीकडे रस्ता आहे. कोणतें अधिक, हें त्यांचें त्यांसच विचारावें. मुलांनीं परस्पर ठरविलें म्हणजे ते बहुधा खोलीच्या बाजूनें ठरवितात, कारण खोली दाखवितां येते.

पाण्याचें थोडक्यांत सांगतों. घर पाहावयास दिवाळींत जाऊं नये, मे महिन्यांत जावें, आणि टँकर दिवसास किती येतात व त्यांचे पैसे कोण भरतो, हें रखवालदारास विचारावें. पावसाविषयीं कोणत्याहि शहरानें फुशारकी मारूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्याचें पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या वसाहतींत तें घरांत शिरलें. नदीकांठचें तळमजल्याचें घर कितीहि स्वस्त असो, तें सोडावें.

माझें मत विचाराल तर मी या कुटुंबास धायरीस पाठविणार नाहीं. धायरी कीं डोंबिवली एवढाच प्रश्न असेल तर मी डोंबिवली म्हणेन. पण पुण्याकडेच चिंचवड नांवाचें एक जुनें गांव आहे, ही गोष्ट पुण्याची जाहिरात वाचणारांच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें लोणावळ्याची लोकल थांबते, पिंपरीहून मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, हिंजवडीचें अंतर धायरीपेक्षां पुष्कळ कमी आहे, आणि गांव जुनें असल्यामुळें बाजारपेठ व नाट्यगृह आधींपासूनच वस्तींत आहेत. मुलगी व आजोबा दोघांसहि तेथें कोणाच्या वाहनाची वाट पाहावी लागणार नाहीं. शिवाय सोलापूरच्या नातलगांच्या लग्नकार्यास रात्रीच्या गाडीनें जाऊन येणें मुंबईपेक्षां सोपें.

राहिला वेळेचा प्रश्न. मुलीची दहावी सोलापुरांतच पुरी होऊं द्यावी. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले आहेत, त्यामुळें बाहेरगांवच्या विद्यार्थिनीची पूर्वीसारखी धांवपळ होत नाहीं. तोंवर वडिलांनीं एकट्यानें खोली घेऊन राहावें आणि त्या गांवचा एक उन्हाळा व एक पावसाळा स्वतः पाहावा. पुढें घर घ्यावें तेंहि प्रथम अकरा महिन्यांच्या करारानें. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें असा करार नोंदविणें बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. तेव्हां नुसत्या स्टँपच्या कागदावर सही करून अनामत देऊं नये. आणि तीं अकरा महिने पुरीं होईपर्यंत सोलापूरचें घर विकावयास काढूं नये; आजोबांच्या वाचनालयाची वर्गणीहि तोंवर चालूं ठेवावी.