मांडी कशाने थकते?

पुण्याची मंडळी सुटीच्या दिवशी सिंहगडावर जातात. आतकरवाडीपासूनची चढण सुमारे ६०० मीटरांची. चढताना धाप लागते, घाम निथळतो, वळणावळणावर कोणी ना कोणी दगडावर टेकते. उतरताना मात्र गप्पा रंगतात. श्वासाचे कोणास भानही राहात नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हीच मंडळी भिंतीचा आधार घेतल्यावाचून पाटावर बसू शकत नाहीत. दोष सारा चढणीच्या माथी मारला जातो. वस्तुतः खरी अपराधी उतरण होय.

मांडीच्या पुढील बाजूस चार भागांचा एक बलवान स्नायू असतो. चढताना तो आखडतो आणि देहास वर उचलतो. उतरताना प्रत्येक पावलास गुडघा किंचित दुमडतो आणि तोच स्नायू लांबत लांबत देहाचा भार खाली सोडतो. जड घागर दोराने वर ओढणाऱ्यास धाप लागते. तीच घागर सावकाश खाली सोडणाऱ्यास धाप लागत नाही, पण दोर सरकताना तळहात सोलून निघतात. मांडीचे असेच आहे.

१९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलंड व रिची या तिघा संशोधकांनी दोन सायकली पाठीस पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारावयाचे, दुसऱ्याने उलट फिरू पाहणारी पेडले रोखावयाची. बल दोघांचेही सारखेच. परंतु रोखणाऱ्यास प्राणवायू फारच थोडा लागला. रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखविला, तेव्हा एका लहानखुऱ्या स्त्रीने एका धिप्पाड पुरुषास पाहता पाहता दमविले, आणि उपस्थितांस मोठी मौज वाटली!

या काटकसरीची किंमत मात्र स्नायूस मोजावी लागते. लांबताना तोच भार थोड्या तंतूंवर पडतो, प्रत्येकावर ताण अधिक येतो आणि त्यांची सूक्ष्म रचना जागोजागी विसकटते. वेदना एक-दोन दिवसांनी प्रकट होते. शक्ती मात्र तत्काळ घटते व कित्येक दिवस पूर्ववत् होत नाही. लॅक्टिक ॲसिड साचल्याने मांड्या भरून येतात, ही समजूत अजून पुष्कळांच्या तोंडी आहे. पण ते आम्ल विश्रांतीनंतर तासाभरात बहुतेक निघून जाते. तिसऱ्या दिवसाच्या कण्हण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

एका जागी धरलेल्या श्रमाची तऱ्हा निराळी. पूर्वी काही शाळांत मुलांस गुडघे दुमडून, न दिसणाऱ्या खुर्चीवर बसल्याप्रमाणे उभे करीत. ही शिक्षा शोधणाऱ्यास शरीरशास्त्र येत नसेल, पण मांडीचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. सतत आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्ताचा ओघ अडतो आणि थोड्याच वेळात मांडी थरथरू लागते. उभे राहताच रक्त धावून येते व बराचसा शीण उतरतो. तालमीतील बैठकांत स्नायू आवळतो व सैल होतो, म्हणून रक्त खेळते राहते. सरावलेला पहिलवान शेकडो बैठका काढतो तो यामुळेच. नवख्याने पहिल्याच दिवशी शंभरी गाठली, तर त्यास गड न चढताच उतरणीचे फळ मिळते. कारण बैठकीचा अर्धा भाग ही उतरणच असते.

दीर्घकाळ सायकल चालविण्यात वा धावण्यात मांडीतील साठविलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत जाते. १९६६ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हुल्टमन हे एकाच सायकलयंत्राच्या दोन बाजूंस बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. मांडीतून सुईने कण काढून पाहता साठा श्रमलेल्या पायाचाच रिता झालेला आढळला. हा थकवा जेवणाने व विश्रांतीने भरून येतो.

उतरणीचा थकवा फसवा, कारण श्वास त्याची सूचना देत नाही. सिंहगडावर गाडीरस्ता आहे. घरातील वृद्धांस दम लागू नये म्हणून त्यांस गाडीने वर नेतात आणि “आता उतारच आहे” असे म्हणून पायी खाली आणतात. साठी उलटलेल्याच्या मांडीत आधीच बळ थोडे. अर्ध्या वाटेवर गुडघा लचकतो आणि पाय घसरतो. हृदयविकार असल्यास निर्णय डॉक्टरांचा. एरवी धडधाकट वृद्धाने थांबत थांबत चढावे आणि उतरताना गाडीत बसावे. पायी उतरण्याचा आग्रहच असेल, तर दोन-तीन आठवडे आधी घरचाच जिना थोडा थोडा उतरून पाहावा. एकदा सौम्य ताण सोसलेला स्नायू पुढील उतरणीस पुष्कळ कमी दुखावतो, आणि हा लाभ काही आठवडे टिकतो.